मॅग्नाफ्लक्समध्ये चीर नव्हती, मग शाफ्ट तुटला कसा?

प्रश्न कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका मशिनशॉपमधल्या तरुण इंजिनिअरचा आहे. थोडक्यात सांगतो. गुऱ्हाळाच्या चरकाच्या गिअरबॉक्ससाठी त्यांनी ईएन 8 चा, म्हणजे मध्यम कार्बनच्या साध्या स्टीलचा, पिनियन शाफ्ट केला. बेअरिंगच्या जागी व्यास 60 मिमी, शेजारची पायरी 72 मिमी. वाकण्याचा ताण हिशोबाने 80 मेगापास्कल. मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट चोख, कडकपणा 200 व्हिकर्सच्या आसपास, डिस्पॅचच्या आधी मॅग्नाफ्लक्स, म्हणजे चुंबक आणि लोहकणांनी चीर शोधायची तपासणी केली तेव्हा चीर नाही. दसऱ्यानंतर चरक सुरू झाला आणि संक्रांतीनंतर शाफ्ट पायरीच्या कोपऱ्यात तुटला. त्यांनी कॉलेजात शिकलेला हिशोब मांडला: कोपऱ्यातला वाढलेला ताण घेऊन टूलचा 0.1 मिमीचा ओरखडा धरला तरी चिरेच्या टोकाशी ताण किती एकवटतो ती तीव्रता 4 मेगापास्कल रूट मीटर येते, आणि या स्टीलचा थ्रेशोल्ड, म्हणजे जिच्याखाली चीर वाढत नाही ती तीव्रता, 6 च्या घरात आहे. म्हणजे चीर वाढायलाच नको. मग वाढली कशी? शिवाय मालक म्हणतात, पुढचा शाफ्ट ईएन 24 या जास्त ताकदीच्या मिश्र स्टीलचा करू. तो करावा का?

हिशोब बरोबर आहे. पण तो ज्या चिरेसाठी आहे, ती चीर तुमच्याकडे नव्हतीच. थ्रेशोल्डचा 6 हा आकडा प्रयोगशाळेत काही मिलिमीटर लांब चिरेवर मोजलेला असतो. तुमची चीर केसाच्या जाडीएवढी होती. इतक्या लहान चिरेला धातू एकजिनसी दिसत नाही. तिला दिसतात दाणे.

आपल्या भागातल्या माणसाला हे सांगणं सोपं आहे. पन्हाळ्यावरून खाली उसाची वावरं बघा. प्रत्येक वावरातल्या सऱ्या वेगळ्या दिशेला काढलेल्या असतात आणि मधे बांध. पाणी सरीतून सुसाट जातं, बांधाला येऊन थांबतं. पलीकडच्या वावरातल्या सऱ्या आडव्या असतील तर बांध फुटूनही पाणी लगेच पुढे सरकत नाही. धातूचा प्रत्येक दाणा म्हणजे असं एक वावर. त्याच्यातले अणू ठरावीक दिशेच्या पातळ्यांवर रचलेले असतात आणि त्या पातळ्यांवरूनच ते एकमेकांवर घसरतात. शेजारच्या दाण्यात त्याच पातळ्या भलत्याच कोनात वळलेल्या असतात. दाणे मोजायच्या एएसटीएम या मापातल्या 7 नंबरच्या दाण्याची सरासरी रुंदी साधारण 32 मायक्रॉन असते, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये तीसेक वावरं आली.

शाफ्ट फिरतो तेव्हा पृष्ठभागावरचा प्रत्येक ठिपका एका फेरीत एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. ताण यील्डच्या, म्हणजे धातू कायमचा वाकायला लागतो त्या मर्यादेच्या, खूप खाली असला तरी हजारो दाण्यांत एखादा असा निघतोच, ज्याच्या घसरणीच्या पातळ्या ताणाच्या 45 अंशांत अगदी सोयीच्या बसलेल्या असतात. त्या एकट्या दाण्यात घसरण होते. परतीच्या अर्ध्या फेरीत ती पूर्ण उलटत नाही. पत्त्यांचा कॅट हातात मागेपुढे सरकवत राहिलं की कडा जशा वरखाली होतात, तशा पृष्ठभागावर बारीक कंगोरे आणि खाचा उमटतात. त्या खाचेतूनच चीर जन्माला येते. हे काही नवीन ज्ञान नाही. युइंग आणि हम्फ्री या दोघांनी 1903 मध्ये स्वीडिश लोखंडाचे नमुने फिरवून, मधे मधे थांबवून सूक्ष्मदर्शकाखाली या घसरणीच्या रेषा आणि त्यांच्यातून निघणाऱ्या चिरा पाहून ठेवल्या आहेत.

ईएन 8 मध्ये ही वावरं दोन जातींची असतात. फेराइट मऊ. पर्लाइट म्हणजे घडीच्या चपातीचे पदर असावेत तसे मऊ फेराइट आणि कडक सिमेंटाइटचे थर, एकावर एक. चीर बहुधा फेराइटमध्ये सुरू होते आणि पर्लाइटच्या तोंडाशी येऊन अडते.

अडते म्हणजे काय, ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय आणि तेव्हापासून या विषयाचा नाद लागला. शिकत असताना फिरत्या वाकण्याच्या मशिनवर 0.4 टक्के कार्बनच्या स्टीलचा नमुना लावला होता. डायमंड पेस्टने आरशासारखा घासलेला, वर दाणे दिसावेत म्हणून नायटल या आम्लाच्या द्रावणाचा हलका हात. ठरावीक फेऱ्या झाल्या की मशिन थांबवायचं, अ‍ॅसिटेटच्या फिल्मचा तुकडा अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून नमुन्यावर चिकटवायचा, वाळला की सोलून काचपट्टीवर लावायचा. फिल्मवर पृष्ठभागाचा ठसा उतरतो. नमुना तुटला की मग खरी गंमत सुरू होते, कारण फिल्म उलट्या क्रमाने वाचायच्या. शेवटच्या फिल्मवर मोठी चीर दिसते. तिच्या जागेवर बोट ठेवून एकेक फिल्म मागे जायचं. चीर आखडत जाते. माझ्या नमुन्यात ती एका ठिकाणी सलग चार फिल्मवर जागची हलली नव्हती. दोन्ही टोकं पर्लाइटला टेकलेली, तोंडासमोर दार बंद असल्यासारखी. पाचव्या फिल्मवर एक टोक पर्लाइट ओलांडून पलीकडे गेलेलं, आणि सहाव्यावर ती पुढचा अख्खा दाणा खाऊन बसलेली. आजूबाजूला तशाच पाच-सहा चिरा होत्या, त्या शेवटपर्यंत पहिल्याच बांधाशी राहिल्या. मास्तर म्हणाले, त्या मेलेल्या नाहीत, दमल्यात.

पुस्तकातली वेग-तीव्रतेची सरळ रेषा या चिरेला लागूच होत नाही. पॅरिस आणि एर्डोगन यांनी 1963 मध्ये मांडलेला नियम म्हणतो की तीव्रता वाढली की वेग वाढतो, स्टीलमध्ये साधारण तिसऱ्या घाताने. लहान चिरेचा वेग दाण्याच्या मध्यात जास्त, बांधाजवळ येताना कमी, कधी शून्य, मग पुन्हा उसळी. आणि तीव्रता तेवढीच असताना ती लांब चिरेपेक्षा जोरात धावते. पिअर्सनने 1975 मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंवर हे दाखवलं, तेव्हा विमानवाल्यांचे कान टवकारले. तुमच्या 6 च्या थ्रेशोल्डखाली 4 वर ती धावू शकते ती याचमुळे.

तिला एवढा जोर कुठून येतो, याचं एक कारण मला फार आवडतं. लांब चीर आपल्यामागे वाट सोडत जाते. त्या वाटेच्या दोन्ही भिंतींवर ताणून लांबलेला धातू, खडबडीतपणा, गंज असं साठलेलं असतं. ताण कमी झाला की हे सगळं पाचरीसारखं मधे येतं आणि चीर पूर्ण मिटण्याआधीच भिंती एकमेकींना टेकतात. मग पुढच्या फेरीतला काही ताण ती पाचर सोडवण्यातच खर्ची पडतो, टोकापर्यंत उरलेलाच पोचतो. एल्बरने ही गोष्ट 1970 मध्ये ध्यानात आणून दिली. नुकत्याच जन्मलेल्या चिरेला मागे वाटच नसते, मग पाचर कुठली? सगळा ताण थेट टोकाला. त्यात तिच्या टोकापुढचा धातू जिथवर मऊ पडून वाकतो तो पट्टा तिच्या स्वतःच्या लांबीएवढा असतो. तीव्रतेचं गणित गृहीत धरतं की तो पट्टा चिरेच्या मानाने नगण्य आहे. इथे पायाच निघून गेला.

पहिले तीन-चार दाणे ती घसरणीच्या पातळ्या धरून तिरकी जाते. पुढे दाण्यादाण्याचं ऐकणं सोडते आणि ताणाला काटकोनात सरळ चालायला लागते. फोर्सिथने या दोन अवस्थांना पहिली आणि दुसरी अशी साधी नावं दिली. आपल्या मॅग्नाफ्लक्सला, रंग झिरपवून करायच्या डीपी टेस्टला जी सापडते ती नेहमी दुसऱ्या अवस्थेतली. शॉपफ्लोअरच्या उजेडात, तेलकट हातांनी, भरवसा ठेवावा अशी चीर म्हणजे एक-दोन मिलिमीटर लांबीची. तोवर शाफ्टच्या आयुष्याचा बराचसा भाग उलटून गेलेला असतो. तुमच्या रिपोर्टमध्ये चीर नव्हती हे खरं आहे. शिवाय तुम्ही तपासणी डिस्पॅचच्या आधी केलीत. तेव्हा शाफ्ट एकदाही लोडवर फिरला नव्हता, फटीगची, म्हणजे वारंवारच्या ताणाने धातू थकून येणारी चीर यायची कुठून?

आता तुमच्या शाफ्टचा हिशोब दुसऱ्या बाजूने करू.

मिनिटाला 60 फेरे आणि दिवसाला 20 तास, असं तुम्ही लिहिलंय. दिवसाच्या 72,000 फेऱ्या, शंभर दिवसांत 72 लाख. तुम्ही पाठवलेल्या फोटोत चीर साधारण 20 मिमी आत गेलेली दिसते. सरासरी काढली तर फेरीमागे तीन नॅनोमीटरसुद्धा नाही. लोखंडाच्या स्फटिकात एका घराची लांबी 0.287 नॅनोमीटर असते, म्हणजे फेरीमागे जेमतेम दहा घरं. हे फक्त अंदाज यावा म्हणून. खरी चीर आधी कित्येक दिवस रांगली असणार आणि शेवटच्या काही दिवसांत पळाली असणार.

80 मेगापास्कल हा नुसत्या व्यासावरून काढलेला ताण आहे. पायरीच्या कोपऱ्यात तो वाढतो, आणि किती वाढतो ते कोपऱ्याच्या गोलाईवर. ड्रॉइंगवर रेडियस दिलेलाच नाही, म्हणून सीएनसीवाल्याने इन्सर्टच्या (टूलच्या कापणाऱ्या टिपेच्या) नाकाचा 0.8 मिमी तसाच कोपऱ्यात उतरवला. असंच होतं, दहांतल्या आठ जॉबमध्ये. 60 आणि 72 च्या पायरीला 0.8 च्या रेडियसवर वाकण्यात ताण जवळपास अडीचपट होतो. 80 चे झाले 200.

200 व्हिकर्सचं स्वच्छ, गुळगुळीत स्टील उलटसुलट वाकण्यात किती झेपवतं? ढोबळ नियम व्हिकर्सच्या 1.6 पट, म्हणजे 320 मेगापास्कल. 200 त्याच्या खूप खाली आहे. म्हणजे अजूनही तुटायला नको होता. पण कोपऱ्यात टूलचा ओरखडा आहे, आणि जपानच्या मुराकामींचं सूत्र इथे कामाला येतं. ते दोषाचा आकार फक्त एका गोष्टीवरून मोजतात: ताणाच्या दिशेने पाहिलं तर दोषाचं क्षेत्रफळ किती, त्याचं वर्गमूळ मायक्रॉनमध्ये. पृष्ठभागावरच्या दोषासाठी सोसण्याची मर्यादा म्हणजे 1.43 गुणिले (व्हिकर्स अधिक 120), भागिले त्या वर्गमुळाचं सहावं मूळ. शाफ्टभोवती गोल फिरलेल्या लांब ओरखड्यासाठी वर्गमूळ खोलीच्या सुमारे 3.16 पट धरतात. 0.1 मिमी खोलीला 316 मायक्रॉन. सूत्रात घाला: 1.43 गुणिले 320 म्हणजे 458, भागिले 2.61. उत्तर 175 मेगापास्कल.

कोपऱ्यात आहेत 200, झेपतात 175. तुटला.

कोपऱ्यातला ताण आत जाताना झपाट्याने उतरतो, त्यामुळे हा हिशोब थोडा कडक आहे, हे मान्य. पण दिशा स्पष्ट आहे. आणि ते सहावं मूळ नीट बघा. दोष दुप्पट झाला तर ताकद फक्त 11 टक्के घटते. उलटंही तेवढंच खरं, ओरखडा अर्धा केला म्हणून फार काही पदरात पडत नाही. पण रेडियस 0.8 चा 3 मिमी केला तर अडीचपट ताण 1.9 पटीवर येतो, म्हणजे 200 चे 150 होतात. मग तोच ओरखडा असूनही शाफ्ट टिकतो. महागडं मटेरियल न घेता.

फोटोही हेच सांगतो. तुटलेल्या तोंडावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा रेषा आहेत, आणि कडेला करवतीच्या दातांसारख्या लहान पायऱ्या. प्रत्येक पायरी म्हणजे दोन वेगवेगळ्या चिरा शेजारीशेजारी सुरू होऊन एकमेकींना भिडल्या ती जागा. चिरा एकाच ठिकाणाहून नाही, परिघावर अनेक ठिकाणांहून निघाल्या. शेवटी कडकन तुटलेला दाणेदार भाग मात्र छोटा आहे. म्हणजे एकूण लोड कमी होता, कोपरा धारदार होता. मटेरियल खराब असतं तर एखाद्याच दोषातून एक चीर निघाली असती. तुमच्या मिस्त्रींनी म्हटलं ना, ‘लोखंड आतनं दाणेदार झालं, कुजलं’? त्यांना दोष देऊ नका. 1842 मध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून रेल्वेचा मोठा अपघात झाला, त्या काळातल्या बड्या बड्या इंजिनिअरांनाही तेच वाटत होतं. स्टील पहिल्या दिवसापासून दाणेदारच असतं. शेवटचा तुकडा एका झटक्यात तुटतो म्हणून त्याचे दाणे चमकतात, बाकीचा भाग महिनोन्‌महिने एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेला असतो.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीय, मला ती महत्त्वाची वाटते. ‘मोळी अडकून चरक दोनदा जाम झाला होता.’ लांब चिरेला असा एखादा जबर धक्का बसला तर गंमत म्हणजे ती काही काळ मंदावते, टोकाशी धातू इतका ताणला जातो की तोच तिला दाबून धरतो. पण पर्लाइटच्या बांधाशी थांबलेल्या चिमुकल्या चिरेला तोच धक्का बांध फोडून देतो. पलीकडे गेली की तिला रोजचा लोड पुरतो. शेफिल्डचे के. जे. मिलर आयुष्यभर हेच सांगत राहिले: फटीग लिमिट म्हणजे चीर न निघण्याची मर्यादा नव्हे, निघालेली चीर थांबून राहण्याची मर्यादा. तुमच्या आमच्या शॉपमधून बाहेर पडलेल्या चालत्या शाफ्टांतही अशा थांबलेल्या चिरा असतातच. प्रश्न एवढाच की कोण त्यांना बांध ओलांडायला मदत करतो.

म्हणून ईएन 24 बद्दल माझं मत: घाई करू नका. कितागावा आणि ताकाहाशी यांनी 1976 मध्ये एक आलेख मांडला. त्यातून एक लांबी निघते, तिच्यापेक्षा बऱ्याच लहान दोषाचं स्टील फारसं मनावर घेत नाही. थ्रेशोल्ड भागिले फटीग लिमिट, त्याचा वर्ग, भागिले पाय (π). शून्यापासून चढणाऱ्या लोडला मऊ स्टीलचा थ्रेशोल्ड 6 आणि लिमिट 300 धरा, लांबी येते 130 मायक्रॉनच्या आसपास. कडक केलेल्या स्टीलला 4 आणि 700 धरा, येते 10 मायक्रॉन. म्हणजे ज्या ओरखड्याकडे मऊ स्टील काणाडोळा करतं, तो कडक स्टीलला काट्यासारखा सलतो. ईएन 24 ची खरी ताकद हवी असेल तर त्याच्यासोबत फिनिश घ्यावा लागतो, रेडियस घ्यावा लागतो. त्याच प्रोग्रामवर, त्याच इन्सर्टने, त्याच 0.8 च्या कोपऱ्याने ईएन 24 काढलात तर पैसे जास्त जातील आणि पुढच्या संक्रांतीला मला पुन्हा फोटो पाठवाल. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांनाही मी हेच सांगतो. एसजी आयर्न या चिवट बिडाची ग्रेड वाढवून उपयोग नाही, आत श्रिंकेजची, म्हणजे ओतीव धातू आकसून राहिलेली पोकळी असेल तर ती जन्मजात चीर आहे, तिला सुरू व्हायला वेळच लागत नाही.

तुम्ही म्हणाल, 3 मिमी रेडियस घेतला तर बेअरिंग खांद्याला बसणार कसं? बरोबर, 60 बोअरच्या बेअरिंगच्या कोपऱ्याची गोलाई दीड-दोन मिमीच असते, ती मोठ्या रेडियसवर चढून बसेल. म्हणून खांदा आणि बेअरिंग यांच्यामध्ये एक स्पेसर रिंग घाला आणि रिंगची आतली कड 3 मिमीच्या रेडियसला मोकळी सोडेल इतकी चॅम्फर करा. जागा नसेल तर खांद्यात आत शिरणारा अंडरकट घ्या, पण त्याचा तळ गोल हवा, पार्टिंग टूलने मारलेली चौकोनी खाच नको. शेवटचा कट हलका आणि धारदार टिपेने. मग पॉलिश पेपर शाफ्टच्या लांबीच्या दिशेने फिरवा. लेथ चालू ठेवून पेपर धरला की ओरखडे पुन्हा गोल, ताणाला आडवेच उमटतात. उद्यमनगरात एक म्हातारे टर्नर होते, ते मशिन बंद करून कोपऱ्यात अंगठ्याने पेपर लांबीत घासायचे. पोरं हसायची. त्यांचे शाफ्ट परत आलेले मी पाहिले नाहीत.

जमलं तर फिलेटवर, म्हणजे कोपऱ्याच्या गोलाईवर, रोलर दाबून फिरवायचं रोलर बर्निशिंग करून घ्या. पृष्ठभागाखाली दाबाचा ताण राहतो आणि लहान चीर निघाली तरी तोंड उघडू शकत नाही. इंडक्शन हार्डनिंग करणार असाल तर कडक पट्टा ऐन कोपऱ्यात संपवू नका. पट्ट्याच्या काठाला ताणाचा जोर उरतो, म्हणजे नेमका नको तिथे. आणि झिजलेल्या जागी वेल्डिंग भरून पुन्हा टर्न करायची सवय आपल्याकडे फार आहे, ती फिरत्या शाफ्टला करू नका.

त्याच लॉटचा दुसरा शाफ्ट अजून एका गुऱ्हाळावर फिरतोय, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तो आजच थांबवा. मॅग्नाफ्लक्स करा, पण क्लीन निघाला म्हणून जसाच्या तसा परत बसवू नका. कोपऱ्यातून 0.3 मिमी जाडीचा थर हलक्या कटने काढून मोठा रेडियस द्या. थांबलेल्या असोत की रांगणाऱ्या, त्या खोलीपर्यंतच्या चिरा चिपेबरोबर निघून जातात. बेअरिंगच्या बसण्याला हात लावू नका, फक्त कोपरा. काढल्यावर पुन्हा एकदा मॅग्नाफ्लक्स. रेषा दिसली तर शाफ्ट भंगारात.

तुटलेल्या शाफ्टचे दोन्ही तुकडे बघायला मला आवडेल. येताना तोंडं एकमेकांना जुळवून बघू नका, तारेचा ब्रश मारू नका, साधं मशिन ऑइल लावून वेगवेगळ्या कापडात गुंडाळून आणा.